वेदमिस्त्री

कॉम्प्युटर उघडायच्या आधी तो नळाला हात लावायचा. आमच्या अंगणातला जुना लोखंडी नळ. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, धोतर वर खोचायचं, दोन्ही तळहात नळावर टेकून डोळे मिटून उभं राहायचं, आणि मग कुणाला न शिवता सरळ मशीनपाशी. शेजारच्या मिसराइनबाई पोरांना ओरडायच्या, "छूना मत, पंडितजी सोवळे में हैं!" तो आतून उत्तर द्यायचा, "सोवळं कसलं, बाई! अंगातली बिजली उतरवतोय. ही बोटातून चिपेत गेली तर चिप जागच्या जागी काशीवास घेते."

यावर ही हसायची. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

ही जाऊन आता दोन वर्षं होतील. मला लिहायची सवय नाही. सहावीपर्यंत शिकलो आणि छापखान्यात खिळे जुळवायला बसलो. लोकांनी लिहिलेलं एकेक अक्षर चिमटीत उचलून तीस वर्षं त्यांची पुस्तकं उभी केली, स्वतःचं एक पान लिहिलं नाही. आता हे लिहितो ते त्या माणसासाठी. खरं सांगायचं तर त्याच्यासाठीही नाही. तो आठवला की ही हसताना आठवते. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली नाही. बायको माझी, आणि हसायची त्याच्या बोलण्यावर. तेव्हा राग यायचा. आता तेवढंच उरलंय म्हणून धरून बसलोय.

गल्लीत त्याला वेदमिस्त्री म्हणत. नाव होतं, पण ते इथे नको. पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेलं वैदिकांचं घर. याला लहानपणी पाठशाळेत घातलं. संहिता झाली, पदपाठ झाला, क्रम झाला, जटा झाली, आणि पुढच्या घनपाठाच्या तोंडाशी असताना यानं गुरुजींचा रेडिओ उघडून ठेवला. गुरुजी म्हणाले, एक तर हे बंद कर नाही तर पाठ बंद कर. यानं पाठ बंद केला. पण एक गोष्ट बरोबर घेऊन आला. जटापाठात पहिलं पद-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं असं म्हणतात, मग दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं, दुसरं-तिसरं. एक अक्षर इकडचं तिकडे व्हायला नको म्हणून जुन्या लोकांनी केलेला बंदोबस्त. हा माणूस कॉम्प्युटर तसाच दुरुस्त करायचा.

आधी मशीन नागवं करायचा. कार्डं, वायरी, डिस्क, सगळं काढून पंच्यावर ओळीनं मांडायचं. मग आत एकच वस्तू घालून बटण दाबायचं. मग दुसरी. मग दोघांच्या जागा बदलायच्या. मग पुन्हा होती तशी. मग पहिली काढून तिसरी. बघणाऱ्याचा जीव जायचा. बाजारातले दुसरे मिस्त्री यायचे, दोन कार्डं हलवायचे, कॅबिनेटवर थाप मारायचे, चाललं तर चाललं. हा मात्र चालायला लागल्यावरसुद्धा थांबत नसे. "चाललं म्हणजे काय? का चाललं ते कळलं का? न कळता चाललेलं पुन्हा न कळता बंद पडतं."

आणि एक वाक्य तो हिला नेहमी सांगायचा. "दोष एकच असतो, वहिनी. आपण घाबरून त्याचे दहा करतो."

प्रश्न विचारायची रीतही जटेचीच. "काल चालू होतं? चालू होतं ते कालच का? बरं, काल चालू होतं म्हणता." माणूस चिडायचा. पण तिसऱ्या खेपेला निम्मे लोक उत्तर बदलायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मशीन सुरू होताना शिट्टी मारतं ना, ती तो मान हलवून ऐकायचा. पाठशाळेतली पोरं स्वरासाठी मान खाली-वर करतात तशी. एक लांब आणि दोन आखूड वाजल्या तर पडद्याचं कार्ड. सारखी लांब लांब वाजत राहिली तर मेमरी. "यांचेही ऱ्हस्व-दीर्घ असतात हो. ते ज्याला कळले नाहीत त्यानं पेचकस हातात धरू नये." पेचकस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. तो त्याच्या जानव्याला बांधलेला असे, लोक किल्ली बांधतात तसा.

शिंदे घाटाच्या वर एका लॉजवाल्याकडे त्यानं मला एकदा बरोबर नेलं होतं. लॉजवाल्याचा मुलगा परदेशात, त्याची पत्रं टेलिफोनच्या तारेवरून यायची. पण तारेचा डबा, मोडेम की काय ते, सुरू केला की माउस मरायचा. माउस चालला की डबा मुका. तीन मिस्त्री होऊन गेले होते, प्रत्येकानं एक नवा माउस विकला होता. यानं पडद्यावर कुठलीशी यादी उघडली. दोन नावांपुढे पिवळी खूण. मग लॉजवाल्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही घाटावर राहता, तुम्हाला काय सांगायचं? नावेतून एक यजमान उतरला आणि दोन पंडे 'आमचा, आमचा' करत धावले, तर यजमान काय करतो?"

"पळून जातो," लॉजवाला म्हणाला.

"मग? या दोघांना एकच घंटी दिलीय. घंटी वाजली की दोघे धावतात. एकाला दुसरा घाट द्या." डबा उघडून जोंधळ्याएवढी एक टोपी, जंपर म्हणतात ती, चिमट्यानं उचलून शेजारच्या काड्यांवर बसवली, आणि दोन्ही चालू. लॉजवाल्यानं ते तीन जास्तीचे माउस दाखवून विचारलं, यांचं काय करू? तो म्हणाला, "संकष्टीला मोदक ठेवा यांच्यापुढे."

घरी येऊन मी हे हिला सांगितलं. मी सांगितल्यावर ती थोडी हसली. त्यानं पुन्हा सांगितलं तेव्हा चुलीपाशी बसून खोकला येईपर्यंत हसली.

आमच्या घरात कॉम्प्युटर कसा आला ते सांगायला हवं. नव्वदीत आमचा छापखाना बंद पडला. मालकानं सगळे खिळे वितळवायला देऊन टाकले. तीस वर्षं ज्या अक्षरांवर हात फिरवला ती पोत्यांत भरून हातगाडीवर गेली. मी घरी बसलो. ही मॅट्रिक झालेली, हुशार. तिनं कुठल्याशा क्लासात जाऊन कॉम्प्युटरवर नागरी टाइप शिकून घेतलं आणि म्हणाली, पंडितांची पुस्तकं, विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध मी घरी करून देईन. वेदमिस्त्रीनं तिला मशीन जुळवून दिलं. कॅबिनेट एका दुकानातलं, बोर्ड दुसऱ्यातला, डिस्क कुणाची, पडदा कुणाचा. "सात गावची माणसं एका वऱ्हाडात आणलीत, वहिनी. रुसवेफुगवे होणार. मी येत जाईन."

मी त्या डब्याशी महिनाभर बोललो नाही. म्हणजे त्या खोलीत गेलो नाही. ज्यानं माझं काम खाल्लं तोच माझ्या घरात टेबलावर बसलेला, वर हिनं विणलेला रुमाल घातलेला. पण तिची बोटं चालायची ते बाहेर ऐकू यायचं. टकटक, टकटक. हळूहळू सवय झाली. नंतर नंतर ती थांबली की मीच आत डोकवायचो.

तिला पहिलं मोठं काम मिळालं ते एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांच्या ग्रंथाचं. आयुष्यभर लिहिलेलं, ऐंशीच्या पुढे गेलेले, रोज निरोप पाठवायचे, किती पानं झाली? तीन महिन्यांचं टाइप झालं होतं. फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलं होतं, पण गंगेकाठची ओल. निम्म्या फ्लॉप्यांना बुरशी. जे काय होतं ते त्या डब्यात होतं.

चैत्र होता. चैत्रात आमच्याकडे वाऱ्यानं धूळ उडते ती भाकरीवर बसते. ही दोन दिवस म्हणत होती, "आत किती माती गेली असेल! भावजींना बोलवायला हवं." त्या दिवशी दुपारी ती संकठा घाटाकडे हळदीकुंकवाला गेली. मी घरात एकटा. मनात आलं, त्याला कशाला बोलवायचं? मी आहे की. चार स्क्रू तर काढायचे. तिनं येऊन बघावं आणि म्हणावं, अय्या, तुम्ही केलंत?

छापखान्यात फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, छापून झाला की आम्ही तो घासलेटानं धुवायचो. ब्रशानं घासायचा, शाई सुटते, खिळा चकचकीत होतो. तीस वर्षांत माझ्या हातून एक खिळा मेला नाही. माझा जुना ब्रश घरात होता. स्टोचं घासलेट होतं. मी एकेक कार्ड काढलं, धुतलं, पुसलं, होतं तिथं बसवलं. जागा चुकलो नाही. खिळ्यांच्या केसमधली शेकडो घरं अंधारात ओळखणारा हात तो. मशीन नव्यासारखं दिसत होतं. मी ब्रश धुऊन ठेवला आणि वाट बघत बसलो.

ती आली. ओटीतले हरभरेसुद्धा ठेवले नाहीत, आधी बटण दाबलं. पडदा काळा. आणि लांब शिट्टी. थांबून पुन्हा लांब. पुन्हा लांब.

"अहो, हे ओरडतंय."

तिचा चेहरा बघून मी धुतलेला ब्रश हळूच स्टोमागे सरकवला. घासलेटाचा वास तिला आला नाही, कारण घरात स्टो होता आणि तीस वर्षं माझ्या अंगाला तोच वास होता.

वेदमिस्त्री आला. नळाला हात लावला. झाकण काढलं, डोकं आत घातलं, आणि नाक वर ओढलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे नाही. माझ्याकडे.

"कुणी हात लावला होता?"

"नाही," मी म्हटलं.

"हात लावला होता कुणी?"

"नाही म्हणतो ना!"

ही मध्येच रडवेली होऊन बोलली, "सकाळी मीच बंद केलं होतं. निघायची गडबड होती. माझंच काही चुकलं का, भावजी?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत मी बोललो. "तूच घाईत बटण मारलं असशील. बंद करताना पडद्यावर अक्षरं येतात, त्यांची वाट पाहिली नसशील."

हे वाक्य मी बोललो. लपवून काय करू? माझ्या तोंडचं आहे.

त्यानं तिला पाणी आणायला पाठवलं. ती वळल्यावर चिमटा आत घातला, मेमरीच्या खाचेतून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. शिशाचा कण. वेलांटीचा मोडलेला शेंडा, आमच्या ब्रशात अडकून राहिलेला. "हे तुमचं," तो हळू म्हणाला. "घ्या. बाकीचं तुम्ही सांगायचं. मी दुरुस्ती करतो, चुगली करत नाही."

दोन दिवस तो आमच्याकडे बसला होता. स्पिरिट, कापूस, शाळकरी पोरांचं खोडरबर. कार्डांच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवायचा, फुंकायचा, बसवायचा. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं. दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं. ही भिंतीला टेकून, जेवण नाही, पाणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीननं एकच आखूड शिट्टी दिली. त्यानं मान एकदा खाली केली आणि म्हणाला, "ऱ्हस्व. म्हणजे सगळे हजर." पडदा उजळला. मेमरीची एक पट्टी गेली, बाकी सगळं वाचलं. शास्त्रीबुवांचं एक पान हरवलं नाही. ग्रंथ निघाला, त्यांनी तो हातात घेतला.

सगळं नीट झालं असं वाटेल. झालं नाही.

त्या दिवसापासून ही मशीन बंद करायला भ्यायला लागली. रोज संध्याकाळी हाक मारायची, "अहो, या जरा. अक्षरं आली का बघा." तेव्हाच्या मशीनवर बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी इंग्रजी अक्षरं यायची, आता बटण दाबायला हरकत नाही, असं सांगणारी. मला इंग्रजी येत नाही, पण त्या अक्षरांचे खिळे मी जुळवलेले, चेहरे ओळखीचे. मी बघून म्हणायचो, "आली." मग ती विस्तवाला हात लावावा तसं एक बोट लावायची. रोज. तीन वर्षं. मोठी कामं तिनं घेणंच सोडलं. लग्नपत्रिका, अर्ज, चार-आठ पानं. कुणी ग्रंथ घेऊन आलं की म्हणायची, "नको हो, माझ्या हातून एकदा झालंय."

दर दोन-तीन महिन्यांनी वेदमिस्त्री मशीन बघायला यायचा. तिच्या हातचा मेतकूट-भात खायचा, तिला हसवायचा. उंबऱ्यावर चपला घालताना मला विचारायचा, "सांगितलंत?"

"सांगतो."

पुढच्या खेपेला पुन्हा. "सांगितलंत?"

"बघू."

मी त्याला टाळायला लागलो. तो येणार असला की संकठाजीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचो. कधी कधी तिथेच येऊन उभा राहायचा मेला.

मग त्याचे हात कापायला लागले. ती जोंधळ्याएवढी टोपी चिमट्यातून पडायची. बहीण अकोल्याला होती, तिनं बोलावलं. दुपारच्या गाडीला मी त्याला कॅन्ट स्टेशनवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. गाडी लागली. खिडकीत बसल्यावर त्यानं विचारलं नाही. नुसता बघत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "नाही सांगितलं अजून."

"मग मी काय केलं हो तुमच्याकडे?" तो म्हणाला. "कार्डं पुसून दिली. दुरुस्त कुठे केलं?"

गाडी हलली. मी रिक्षा केली नाही, चालत घरी आलो. ही मशीनपाशी होती, कुणाची तरी पत्रिका टाइप करत. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. ब्रश, घासलेट, वेलांटीचा शेंडा. तिचं बोट कळीवरच राहिलं.

"घासलेट?" ती म्हणाली. "माझ्या मशीनला?"

"हो."

"आणि मला म्हणालात, तूच घाईत बटण मारलं असशील."

"हो."

"मी शास्त्रीबुवांच्या पाया पडले. म्हटलं, माझ्या हातून झालं, क्षमा करा." तिनं बोट कळीवरून उचललं. "भावजींना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि इथे बसून माझ्या हातचं जेवत होता मेला!"

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, बोलायचं ते भिंतीपलीकडे. "मिसराइन, ज़रा इनसे कहिए, दूध फट गया है." मिसराइनबाई मला खिडकीतून सांगायच्या आणि वर विचारायच्या, "का भइल, दादा? का कइला?" काय झालं, काय केलंत म्हणून. काय सांगणार?

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. टकटक थांबली. आता हाक येईल म्हणून मी उठून उभा राहिलो. हाक आली नाही. आतून बटणाचा आवाज आला, खट्. छापखान्यात मालक दिवा घालवायचा तसा बिनधास्त. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चहा टाकतेय. घेणार का?" पुढच्या महिन्यात तिनं एका पंडितांचं जाडजूड पुस्तक अंगावर घेतलं. त्यानंतर मला कधी अक्षरं बघायला बोलावलं नाही. बरं झालं, असं तोंडानं म्हणत होतो, पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप त्या खोलीकडे वळायचे.

तीच म्हणाली, "कळवा त्याला. वाट बघत असेल." मी म्हटलं, लिहितो. आज लिहितो, उद्या लिहितो. माझं अक्षर वाईट, काय लिहायचं ते सुचेना. पोस्टकार्ड कोनाड्यात पडून होतं. दीड-दोन महिन्यांनी एकदाचं लिहिलं. नमस्कार, आणि खाली एकच शब्द. सांगितलं.

उत्तर त्याच्या बहिणीचं आलं. माझं कार्ड पोचायच्या तीन दिवस आधी तो गेला होता. शेवटी शेवटी काशीतल्या लोकांची आठवण काढायचा, एवढंच तिनं लिहिलं होतं. कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

हिनं मला ते वाचून दाखवलं. मग कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं सगळं उशिरानंच."

खरं होतं ते, आणि आजही तसंच चाललंय. पण तेव्हा निदान मला तसं म्हणायला ती होती.